कमाईवर जगणारा

"ही बाई पढवलेली आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

पडद्याआड बसलेल्या बाईने डोक्यावरचा रुमाल आणखी पुढे ओढला. साक्षीदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून तिने कुजबुजायचं आणि शेजारच्या लेखनिक बाईने ते मोठ्याने सांगायचं, अशी सोय होती. ती तिच्या पथ्यावरच पडली. नाहीतर अध्यक्षांनी तिचा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला असता.

ती मात्र त्यांना पुरती ओळखून होती. संशय आला की हे गृहस्थ दोनदा खाकरतात. त्या कडक कोटाखाली डाव्या खांद्यावर चांगला ठसठशीत तीळ आहे. आज सगळं सभागृह त्यांना वचकून होतं, पण तिच्या मांडीवर डोकं ठेवून हेच घोरत पडायचे.

नवा कायदा देहविक्रीच्या धंद्याला परवाना देणार होता. त्याला तिची ना नव्हती. तिला खुपत होतं एकच कलम: अशा कमाईवर जगलेल्या सज्ञान पुरुषाला कैद, मग गोष्ट कितीही जुनी असो. ते गाळा, एवढंच सांगायला ती जीव मुठीत धरून आली होती.

"तुमच्या कमाईवर कोण जगलं?" अध्यक्ष दोनदा खाकरले.

ती कुजबुजली. "एक जण. कॉलेजात शिकत होता," लेखनिक बाईने सांगितलं.

"पैसा कुठून येतो, त्याला ठाऊक नव्हतं?"

"मी पत्ता लागू दिला नाही."

"वा रे आयतोबा! आता काय करतो?"

"बरं चाललंय त्याचं."

"नाव?"

"नाव सांगणार नाही."

"पाहिलंत? अजून त्यालाच पाठीशी घालतेय. त्यानेच धाडलंय हिला. तो पडदा काढा!"

लेखनिक बाई ताडकन उठून पडद्यापुढे उभी राहिली. "साहेब, पडद्याचा नियम तुमचाच आहे."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष चडफडत खाली बसले, आणि कलम कायम राहील असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. घामेजलेला रुमाल तिने पिशवीत कोंबला, तोच फोन वाजला. अध्यक्षांचाच होता. तिने तो कानाला लावला.

दोनदा खाकरल्याचा आवाज आला. "आज एक बाई आली होती. तिच्या जिवावर शिकलेला तो हरामखोर मी शोधून काढणारच. तू बघच, आई."