ठिपक्यावर ठिपका

पिंगेबाईंनी दोन्ही पारदर्शक नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. खालचा आकाशातून येणाऱ्या हायड्रोजनच्या उजेडाचा, त्यांनी केलेला; वरचा कार्बनच्या उजेडाचा, मी केलेला. आकाशाचा तुकडा एकच होता. दोन्हींत भलत्याच ठिपक्यांचा कचरा भरपूर, पण जो ठिपका दोन्हीकडे एकाच जागी येईल तिथं विश्वातल्या सुरुवातीच्या दीर्घिका असणार. दोन महिने काहीच जुळत नव्हतं, आणि उद्याच्या बैठकीत आमचा प्रकल्प गुंडाळला जाणार होता.

“राहू दे,” म्हणत बाईंनी वैतागून माझा नकाशा टेबलावर फेकला. तो पालथा पडला, तशा त्या थबकल्या.

“पूर्व कुठल्या बाजूला घेतलीस गं?”

“उजवीकडे. आम्हाला भूगोलात तसंच शिकवलंय.”

“अगं माझे बाई, जमीन वरून बघतात, आकाश खालून! इथं पूर्व डावीकडे!”

त्यांनी तो पालथाच काचेवर धरला. ठिपक्यावर ठिपका बसत गेला. एरवी खेकसणाऱ्या बाईंनी मला गच्च मिठी मारली.

बाराशे कोटी वर्षं चालत आलेला उजेड वेळेवर पोचला होता. मीच त्याला दोन महिने उलटा टांगून ठेवला होता.