मुंग्या घरात, संसार अंगणात

“खाट धरा, रुफिनो! नुसते बघत काय उभे राहिलात?” ओदिलिया दारातून ओरडली.

रुफिनोने खाटेचं दुसरं टोक उचललं. तोवर मुंग्या स्वयंपाकघराच्या फळ्यांमधून आत शिरल्या होत्या. एखादी रांग नव्हे, जमिनीवरून काळी चादरच सरकत यावी तशा. भिंतीतून झुरळं पटापट उड्या टाकत होती. छपरातला एक विंचू चुलीपुढे पडला आणि बघता बघता मुंग्यांखाली दिसेनासा झाला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सारापिकीच्या रानाला लागून असलेल्या आमच्या वाडीत या मुंग्या वर्षातून एखाद-दोनदा येतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि अंगणात जाऊन बसायचं. दुपारपर्यंत घरात झुरळ, कोळी, विंचू औषधालाही उरत नाही. मुंग्या आल्या तशा निघून जातात आणि वर कॉफीसुद्धा मागत नाहीत.

बाकीची वाडी तान्ही पोरं आणि कोंबडीची पिल्लं तेवढी उचलून बाहेर पडते. ओदिलियाचं मात्र सगळं निराळं. तिची खाट, ट्रंक, मका दळायचं यंत्र, आरसा, मेरीमातेची तसबीर, शेवटी खिडकीचा पडदासुद्धा बाहेर यायचा. नवरा गेल्यापासून बाई जरा जास्तच टापटिपीची झाली, असं लोक म्हणत. कुंपणापलीकडचा विधुर रुफिनो दरवेळी मदतीला धावायचा, आणि मुंग्या गेल्या की एकेक वस्तू होती तिथे नेऊन ठेवायचा.

त्याला ओदिलियाला लग्नाचं विचारायचं होतं. गेली तीन वर्षं विचारायचं होतं. पण एरवी ती एका जागी सापडायचीच नाही. कोंबड्या, मका, धुणं, प्रार्थना, सगळं एकामागून एक चालू. मुंग्या घरात असताना मात्र तिलाही बसून राहण्यावाचून इलाज नसे. तेव्हा काय ते मुंग्या जायच्या आत. दरवेळी रुफिनो तसं ठरवून यायचा आणि दरवेळी मुंग्याच आधी निघून जायच्या.

दोघं अंगणातल्या खाटेवर बसले. ओदिलियाने कापडी गाळणीतून कॉफी ओतली.

“आज दाढी केलीत वाटतं?”

“सकाळी रानाच्या कडेला पक्षी ओरडताना ऐकले. म्हटलं, आज मुंग्या येणार.”

“म्हणजे दाढी मुंग्यांसाठी?”

रुफिनोचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने कुंपणाकडे बोट दाखवलं. “ते बघा, तेच ते पक्षी. मुंग्यांना चोच लावत नाहीत हं. मुंग्यांना भिऊन जे किडे पळतात, ते अचूक टिपतात.”

“बरं.”

“आणि पक्ष्यांच्या मागे ती फुलपाखरं बघा. त्यांची शीट खायला आलीत. त्या बारक्या माश्या दिसतात ना, त्या पळणाऱ्या झुरळांच्या अंगावर अंडी घालतात. मुंग्या एकदा निघाल्या की सगळ्यांची पंगत बसते. रानात कुणीच एकटं जेवत नाही, ओदिलियाबाई.”

“मी जेवते एकटी,” ओदिलिया म्हणाली.

झालं! याहून सोपं आणखी काय असतं? रुफिनोने तोंड उघडलं. कॉफीचा मोठा घोट घेतला, जीभ भाजून घेतली आणि म्हणाला, “सरडेपण येतात.”

ओदिलियाने आभाळाकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे वळली. “म्हणजे जो तो कुणाच्या ना कुणाच्या मागे. आणि तुम्ही हो? तुम्ही कुणाच्या मागे?”

“मी? मी...” रुफिनो ताडकन उठला. “मी पिल्लाच्या मागे. ते बघा, तुमचं एक पिल्लू केळीत घुसलं!”

आणि तो खरोखरच पिल्लाच्या मागे धावला.

पिल्लूही तसलंच निघालं. त्याने रुफिनोला केळीतून, चिखलातून, डुकराच्या खोपटाला वळसा घालून असं फिरवलं, की तो धापा टाकत परत आला तेव्हा घरातली सळसळ थांबली होती. मुंग्यांची शेवटची रांग झुरळांचे पाय वाहत उंबरठा ओलांडत होती. पक्षी त्यांच्या पुढे केव्हाच रानात शिरले होते.

“गेल्या,” तो म्हणाला.

“गेल्या,” ओदिलिया म्हणाली आणि तिने पिल्लू त्याच्या हातातून घेतलं.

रुफिनोला स्वतःचा असा राग आला, की आत्ताच जाऊन त्या मुंग्यांपुढे आडवं पडावं. आता पुन्हा त्या येईपर्यंत वाट बघायची. त्याने खाट डोक्यावर घेतली, तिच्या दारापाशी गेला आणि पायरीवर पाय ठेवला.

“तिकडे कुठे निघालात?”

“आत ठेवतो ना. दरवेळेसारखी.”

ओदिलिया पिल्लू पोटाशी धरून अंगणाच्या मधोमध उभी होती. रागवायचं तिच्या मनात होतं, पण चिखलाने माखलेला, डोक्यावर खाट घेतलेला रुफिनो बघून तिला हसू आवरेना.

“अहो, तीन वर्षं झाली! मुंग्या आल्या की मी अख्खा संसार उचलून अंगणात आणते, आणि तुम्ही तो उचलून परत माझ्याच घरात नेऊन ठेवता. मुंग्या काय खाटा खातात?”