नळाजवळची लादी

"कडेकडेने काय चालतोस? मधून चल! आई चालली तशी चाल!"

थोरल्याने धाकट्याची मानगूट धरली आणि त्याला काठाच्या विटांवरून लाद्यांवर ढकललं. धाकट्याची टाच सरकली. हिरव्यागार शेवाळावर हातभर लांब काळा पट्टा उमटला आणि तो गुडघ्यांवर आपटला. मागोमाग तारेचा ब्रश पाठीत बसला, मग बादली आली.

"घास. दारापासून नळापर्यंत. एक लादी सोडलीस तर तुझं थोबाड घासतो तिच्यावर."

आईला जाऊन चार दिवस झाले होते. मागच्या बागेत, नळाच्या कट्ट्यापाशी ती सकाळी पडलेली सापडली. डोकं कट्ट्याच्या कोपऱ्याला, पाय शेवाळलेल्या लादीवर. पहिल्यांदा पाहिलं ते थोरल्याने. तो बायकोपोरीला घेऊन दोन दिवस राहायला आला होता, आणि दात घासायला म्हणून बाहेर पडला होता. कसं झालं हे घरात-गल्लीत कोणी विचारलंही नाही. या लाद्यांवरून एक दिवस आपला मुडदा पडणार, असं आई स्वतःच सगळ्या गल्लीला सांगत असे.

लाद्या घासायचं काम धाकट्याचं. "उद्या काढतो" हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि त्याचा तो उद्या काही उजाडत नव्हता. शेंडेफळ म्हणून आईने त्याला डोक्यावर बसवून ठेवलं होतं. तिशी आली तरी आयतं ताट आणि दुपारची झोप. अलीकडे मात्र तीही वैतागली होती. ब्रश त्याच्या हातात कोंबून "निदान एवढं तरी कर, मेल्या" म्हणायची.

आता तो करत होता. शेवाळ सुटलं की त्याचा बुळबुळीत गाळ होई आणि त्यात गुडघे पुन्हा सरकत. बोटांची सालटी निघाली होती.

"मी काढणारच होतो रे, दादा," तो म्हणाला. "पण तिनेही जरा बघून चालायला नको?"

हे बोलायची काही गरज नव्हती. थोरल्याची लाथ बरगडीत बसली. धाकटा कुशीवर कोलमडला, तसा थोरल्याने त्याचा केसांचा झुपका धरला आणि तोंड लादीवर दाबलं.

"घे वास! हे खाल्लं तिने जाताना. कळलं?"

धाकट्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि हिरव्या गाळात मिसळली. थोरला त्याला सोडून दोन पावलं मागे सरला, पुन्हा पुढे आला आणि आणखी एक लाथ घातली. त्याला मारूनही बरं वाटत नव्हतं, आणि न मारता उभं राहवत नव्हतं.

मधली ताई दारात आली.

"दादा, पुरे! मारून टाकशील त्याला. आणि पोलीस उद्या परत येणार आहेत ना? जागा आहे तशी राहू द्या म्हणाले होते."

"येऊ देत. काय बघायचंय त्यांना? आई घसरली हे आंधळ्यालाही दिसतंय."

"तरी पण..."

"तरी पण काय? उद्या माझी पोर पडली म्हणजे? आज सगळं निघालं पाहिजे. आत जा तू."

ताई गेली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

दुपार कलली तेव्हा दारापासूनच्या सगळ्या लाद्या राखाडी दिसू लागल्या होत्या. उरली ती नळाजवळची. आईचे पाय होते ती. तिला उचलायला आलेल्यांच्या पावलांचे सपाट, दाबलेले ठसे तेवढे तिच्यावर होते. बाकी शेवाळ जसंच्या तसं, मखमलीसारखं दाट. ओरखडा नाही, पट्टा नाही.

धाकटा ब्रश धरून थांबला. लादीकडे बघत राहिला. मग सुजलेल्या डोळ्यांनी त्याने थोरल्याकडे पाहिलं.

"काय बघतोस?" थोरल्याचा आवाज चिरकला.

"ही नको, दादा. ही राहू दे."

"का?"

"माझ्याने नाही होणार. इथे ती..."

थोरल्याने ब्रश हिसकावून वर उगारला. ताई किंचाळली. पण ब्रश धाकट्यावर पडला नाही. थोरला स्वतःच गुडघ्यांवर बसला आणि दातओठ खात त्या लादीवर तुटून पडला. तारा दगडावर करकरू लागल्या. शेवाळाच्या साली निघाल्या, ठसे गेले, हिरवा गाळ त्याच्या शर्टभर उडाला. घासता घासता तो हमसून रडू लागला. शेवटी त्याने पाण्याची अख्खी बादली ओतली. लादी नव्यासारखी निघाली.

त्याने ब्रश कुंपणापलीकडे भिरकावला आणि धाकट्याला छातीशी धरलं.

"चुकलं माझं रे. तुझा काय दोष? आळशी आहेस, दुसरं काय! तू थोडंच तिला मारलंस?"

"आईने मला माफ केलं असतं, दादा?"

"केव्हाच केलं असतं. तुझ्यावर राग धरता यायचा का तिला?"

ताईही धावत आली आणि दोघांच्या गळ्यात पडली. तिघं भावंडं आई गेल्यापासून पहिल्यांदाच एकत्र रडली.

थोरल्याच्या खांद्यावरून धाकट्याला काठाच्या विटा दिसत होत्या. त्या सकाळी आईला स्वयंपाकघरातून उचलून आणताना, आपला पाय घसरू नये म्हणून तो त्या विटांवरूनच एकेक पाऊल जपून टाकत आला होता.