लाल्याची शेंबी

रॉकेट उलटं फिरलं.

संध्याने त्याला मधोमध, जिथे ते बोटावर आडवं तोलून राहतं तिथे, दोरी बांधली होती आणि गोफण फिरवावी तसं डोक्याभोवती गरगरवलं होतं. नीट जमलेलं रॉकेट अशा वेळी नाक पुढे करून फिरतं. हे शेपूट पुढे करून निघालं होतं. परवा, रंग लागायच्या आधी, हेच शहाण्यासारखं फिरलं होतं.

"काहून वं, असं मागं मागं काहून जाऊन राह्यलं ते?" बांधावर उकिडवे बसलेले तिचे सासरे महागूजी म्हणाले.

संध्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. उत्तर महागूजींच्या नखांत होतं, लाल आणि निळं.

हा नाद तिने माहेराहून आणला होता. लग्नात कपाटासोबत पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं उतरलं तेव्हा कटंगीतली सगळी गल्ली हसली होती. हे तिचं सगळ्यात लाडकं रॉकेट. एका जुन्या रॉकेटची नळी तिने लांबवली होती, हलक्या लाकडाचे पंख घासून घासून पातळ केले होते. त्यावर ती रंगाचा जेमतेम एक फवारा मारणार होती. पण काल ती बालाघाटला गेली आणि मागे महागूजींनी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायचा डबा काढला. लाल्या बैल गेल्यापासून त्या डब्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. घट्ट ऑइल पेंट, ब्रशने, दोन हात. नळीवर लाल-निळे पट्टे आणि पंखांवर तर ठिपके, वेली, सगळंच. आणि काम इतकं सुरेख, की एका पट्ट्याची कड हललेली सापडू नये. कौतुक करावं की कपाळावर हात मारावा, हे संध्याला कालपासून ठरवता येत नव्हतं.

"रंगानं झालं का?" महागूजींनी विचारलं.

"शेपूट जरासं जड झालं, मामाजी."

"मंग खरवडून टाक. रंगच त हाय." ते ब्लेड शोधायला उठलेसुद्धा. पण तिच्याकडे न बघता उठले, आणि तेच तिला बघवलं नाही.

"खरवडाचं काही काम नाही," ती म्हणाली. "तोंडाकडं वजन टाकू. तोंड जड झालं का जाते सरळ."

तिने माती कालवून रॉकेटच्या पोकळ नाकात भरली. पुन्हा दोरी फिरवली, तर ढेकूळ सुटून नळीत खुळखुळायला लागलं.

"एकच बारूदवाली मोटर उरली हाय आपल्यापाशी," तिचा नवरा अश्विन बॅटरीची वायर धरून उभा होता. "सोच समझके कर."

महागूजी घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पितळेची शेंबी होती. लाल्याच्या शिंगाच्या टोकावर पोळ्याला चढायची ती. तिची जोडीदार लाल्यासोबतच पुरली होती.

"हे भर तोंडात."

"मामाजी, वारा हाय. कुठं जाऊन पडलं त भेटन नाही मंग."

"लाल्या बी कधी हाक मारल्यावर सीधा आला नाही. पण दिवे लागाच्या आत येत जाय घरी."

शेंबी नाकाच्या आत अशी बसली, जशी तिथल्याच मापाची केलेली. बाहेर धातू ठेवत नाहीत, डोक्यात पडलं तर लागतं, असं सांगत संध्याने वरून कापूस ठासला आणि नाक बंद केलं. दोरी फिरवली. नाक पुढे. महागूजी गालात हसले.

धानाचे वाळके खुंट पेटू नयेत म्हणून खाली पत्रा टाकला. बघायला जमलेली गल्लीतली माणसं आणि पोरं मागे सरली. संध्याने बटण दाबलं.

काय गेलं म्हणून सांगावं! ना डगमगलं, ना वाकलं. लाल-निळी रेघ सरळ आभाळात चढली आणि बघणाऱ्यांच्या टोप्या पडायच्या राहिल्या. वर टिकलीएवढी छत्री उघडली, तशी पोरांनी टाळ्या पिटल्या. मग वाऱ्याने छत्री धरली आणि पळसांच्या रांगेपलीकडे नेली.

टाळ्या थांबल्या. रॉकेट दुसरं झालं असतं. शेंबी दुसरी होणार नव्हती. ती आणि अश्विन धावायला निघाले, पण महागूजी केव्हाच पुढे गेले होते. ज्या गुडघ्यांपायी ते बाजारालाही जात नाहीत, त्याच गुडघ्यांनी बांध ओलांडत होते. दोघं जागीच थांबले.

बराच वेळ पळसांमागून कुणी आलं नाही. मग ते दिसले. रॉकेट दोन्ही हातांवर आडवं, छत्री खांद्यावर. संध्याजवळ आल्यावर त्यांनी ते कानाशी धरून हलवलं. शेंबी जागची हलली नव्हती.

"आलं," ते एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले. मागून सगळी गल्ली.

दाराशी मात्र ते थांबले. "अश्विनची माय, पाणी आण वं! पाय धुवाचे हायेत."

शेवंताबाई तांब्या घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या पायांकडे वाकल्या.

"माहे नाही," म्हणत महागूजींनी रॉकेट पुढे धरलं.

पोळ्याला लाल्या गावातून फिरून आला, की याच उंबऱ्याशी शेवंताबाई त्याच्या खुरांवर पाणी घालत. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पंखांवर धार धरली.

"लाकूड भिजन," असं संध्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पाणी लाल-निळ्या वेलींवरून घरंगळून उंबऱ्यावर पडलं. आत थेंब शिरला नाही. रंगाचे दोन हात पक्के बसले होते.