कोरी घोंगडी

आमच्या बोरीच्या पारावर कुणी खाकरलं तरी दिल्लीतल्या खुर्च्या हलायच्या. खोटं वाटलं तर पिंपळाला विचारा. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. पेपर वाचून आमची जुंपली: देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाचे न्यायाधीश कुणी निवडायचे? “मंत्र्यांनी!” राधाकिशन ओरडला. “म्हंजी चोरानं फौजदार निवडायचा व्हय?” पंडितराव खवळले. तेवढ्यात गोजरबाई आली. तिच्या लेकाला फाशी सुनावलेली, अपील त्याच कोर्टाचे न्यायाधीश बसेपर्यंत अडकलेलं. आमच्याकडे कोरी घोंगडी अंथरल्याशिवाय पंच न्यायाला बसत नाहीत. तशीच एक तिनं आणलेली. “कुणीबी निवडा बाबाहो, पन लवकर बसवा. ही दिल्लीला धाडा.” वाद चालूच राहिला, घोंगडी पारावरच पडून राहिली. लेक तुरुंगातच तापानं गेला. बैलगाडीतल्या उघड्या देहावर राधाकिशन तीच घोंगडी टाकायला लागला. गोजरबाईनं त्याचा हात धरला. “ती न्यायाधीशाची हाय. ह्याला माझं लुगडं पांघरा. तुरुंगात अजून दुसरीचं लेकरू असंल.”