पाहुणा

“निळीच,” लेक म्हणाली. “दोन दिवसांसाठी. आणि गिअरची हवी, ऑटोमॅटिक नको.”

गाड्या भाड्यानं देणाऱ्या टकल्या गृहस्थाची कळी खुलली. शेडमध्ये तीन जपानी गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. लाल, पांढरी आणि निळी. निळीच्या पाठीवर पंख होता, चाकं सोनेरी होती, आणि थांबलेली असतानाही ती आत्ताच कुणाला तरी मागे टाकून आल्यासारखी दिसत होती.

“गाडी तापट आहे हं, ताई. वर डोंगरात नुसती वळणं. आजींना झेपेल ना?”

“आजी कोणाला म्हणताय?” बाकावरून आई म्हणाली. “तुमच्याच वयाची असेन मी. केस तेवढे आहेत अजून.”

गृहस्थ मुकाट्यानं किल्ली आणायला गेला.

ही निळी लेकीला आठव्या वर्षापासून पाठ होती. बाबांच्या गॅरेजात, पान्यांच्या फळीच्या वर भिंतीला, अशाच निळ्या गाडीच्या चित्राचं कॅलेंडरचं एक पान डकवलेलं होतं. वर्षं बदलली, ते पान बदललं नाही. बाबांनी जन्मभर लोकांची इंजिनं खोलली, पण तसली गाडी त्यांच्या हाताखाली एकदाही आली नाही. सात महिन्यांपूर्वी, बाबा गेल्यावर गॅरेज रिकामं करताना लेकीनं ते पान सुरीच्या टोकानं भिंतीवरून सोडवलं. आता ते तिच्या पर्समध्ये होतं, चार घड्या घातलेलं. सुट्टी, समुद्र, डोंगर हे सगळं सांगायला. ती आली होती या गाडीसाठी.

गृहस्थानं किल्ली फिरवली. पत्र्याची शेड थरथरली.

“ऐकलंत?” तो ऐटीत म्हणाला.

“अजून नाही. बॉनेट उघडा.”

“बॉनेट? ते कुणी बघत नाही हो, ताई. लोक फोटो काढतात.”

“उघडा.”

तिनं आईपुढे हात केला. “आई, काठी दे.”

“घाण करू नकोस. आत्ता कुठे सवय होतेय तिची,” असं म्हणत आईनं काठी दिली.

लेकीनं काठीच्या टोकाचं रबरी बूच उपटून काढलं. लाकडी टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकत, त्याची लाकडी मूठ कानापाशी घासून गुळगुळीत झाली होती. काठीतून आधी सगळा एकच कल्लोळ आला. मग, बाबांनी शिकवलं होतं तसं, तिनं एकेक आवाज बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. पंखा. पट्टा. वरचे व्हॉल्व्ह, शिलाई मशीनसारखे. काठी खाली सरकवली.

“जरा रेस करा. हळू. सोडा. पुन्हा.”

ठक. ठक. ठक-ठक-ठक.

तिनं काठी उचलली, पुसली, पुन्हा त्याच जागी टेकवली. पुन्हा तेच. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

“आई,” शेवटी ती म्हणाली, “पाहुणा आलाय.”

गृहस्थानं चटकन वळून फाटकाकडे पाहिलं. फाटकात कुणीच नव्हतं.

आई मात्र उठून उभी राहिली. आत बेअरिंग झिजून ठोकायला लागलं की बाबा त्याला पाहुणा म्हणत. दार वाजवतोय, एक दिवस तोडून आत येईल, म्हणत. चाळीस वर्षं जेवताना तिनं तो शब्द ऐकला होता.

“निळी नको,” लेक म्हणाली. “हिला डोंगरात नेऊ नका. कुणालाच देऊ नका, आधी खालून उघडून बघा. पांढरी सुरू करा.”

“पांढरी? अहो, तिला पंखसुद्धा नाही!”

“अगं, आपण निळीसाठी आलो ना?” आईचा आवाज जरा चढला. “इतक्या लांब? त्यांना निळी आवडायची.”

“त्यांना चित्र आवडायचं, आई. ही त्यांनी गॅरेजच्या बाहेर सोडली नसती.”

पांढरी सुरू झाली. लेकीनं वरून ऐकलं, खालून ऐकलं, चारदा रेस करायला लावलं. गृहस्थाला घाम फुटला. मग आईनं हात पुढे केला.

“दे इकडे.”

तिनं काठीची मूठ कानाला लावली. बाबांनी ऐकलेलं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. ती नुसती पोळ्या वाढायची आणि हं म्हणायची. लेकीनं काठीचं टोक योग्य जागी धरून ठेवलं.

“कुणी आलंय?” लेकीनं विचारलं.

आईनं खूप वेळ ऐकलं.

“नाही,” ती म्हणाली. “घरचेच आहेत सगळे. आपापल्या कामात.”

सह्या झाल्या. लेकीनं बूच पुन्हा काठीला बसवलं आणि ड्रायव्हरचं दार उघडलं.

“थांब,” आई म्हणाली.

तिनं पिशवीच्या तळातून एक फडकं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, कडेला ग्रीसचे न जाणारे डाग असलेलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्याआधी बाबा ते सीटवर अंथरत. आईनं ते सोबत आणल्याचं लेकीला माहीत नव्हतं. आईनं ते झटकलं, ड्रायव्हरच्या सीटवर पसरलं आणि तळहातानं कोपरे सारखे करू लागली.

“काकू, सीट स्वच्छ आहे हो,” गृहस्थ म्हणाला. “कालच धुतलीय.”

“सीट स्वच्छच असते,” आई म्हणाली. “आम्ही मेकॅनिकच्या घरचे.”