नववीचा पेपर

"अगं कुसुम, गेला बघ पुन्हा!"

आतून हाक आली आणि कुसुमताई कणकेचे हात तसेच घेऊन धावल्या. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या बुद्धभूषणला त्यांनी मानेनंच आत यायची खूण केली.

खोलीत टेबलावर पिवळा पडलेला कॅबिनेट होता आणि शेजारी खोक्याएवढा जाडजूड मॉनिटर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत होती. कॉम्प्युटर आपोआप बंद पडून आपोआप सुरू होत होता. समोर निवृत्त शिक्षक श्यामसर बसले होते. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यावर वैताग.

"अर्धा पेपर झाला होता. सेव्हच केला नव्हता."

"असू दे. मी सांगते, तुम्ही टाइप करा." कुसुमताईंनी पदराला हात पुसले आणि स्टूल ओढून त्यांना चिकटून बसल्या. "इयत्ता नववी, भूगोल. प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. दख्खनच्या पठारावर टिंबटिंब मृदा आढळते."

सर दोन बोटांनी टाइप करू लागले. ताईंना प्रश्न पाठ होते. बुद्धभूषण बघतच राहिला. त्याच्या दुकानात आता लॅपटॉप आणि सीसीटीव्ही सोडून दुसरं काही यायचं नाही. कॉलेजात असताना असेच कॅबिनेट त्यानं घरोघरी जोडून दिले होते. लोक हळदकुंकू वाहायचे, पेढा द्यायचे, आणि चपला काढल्याशिवाय त्या खोलीत कोणाला सोडायचे नाहीत.

"आमच्याकडेही पूजा केली होती," ताई म्हणाल्या. "आमोद शाळेत होता. त्याला गेम खेळायचे असायचे आणि यांना पेपर काढायचे असायचे. पेपर निम्मा झाला की हा हमखास बंद पडायचा. मग यांची हाक. मी गॅस बंद करून यायची. पेपर संपेपर्यंत पोळ्या राहायच्या."

"मग तेव्हाच नाही का दुरुस्त केलात?"

"तेव्हा केला होता की. आता पुन्हा तसंच व्हायला लागलंय, वर्षभर."

आमोद आता खराडीला नोकरी करत होता. बुद्धभूषणला फोन त्यानंच केला होता. "बाबा सारखे हाका मारतात, आई धावून धावून दमते. नवा लॅपटॉप दिला तर बाबा हात लावत नाहीत. तोच जुना नीट करून द्या."

बुद्धभूषणनं कॅबिनेट उघडला. आत धुळीचा गालिचाच होता. त्यानं ब्रशनं पंखा साफ केला, रॅम काढून खोडरबरानं घासून पुन्हा बसवली. कुसुमताई चहा घेऊन आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. सरांनी वर पाहिलं.

"आपण उभ्या का? बसा ना. संकोच करू नका."

बुद्धभूषणला हसू आलं. बायकोला असला टोमणा पुण्याच्या पेठेतलाच माणूस मारू जाणे. ताईही हसल्या आणि मुकाट्यानं खुर्चीवर बसल्या.

कॉम्प्युटर दोन दिवस चालला. मग पुन्हा आमोदचाच फोन आला.

या वेळी बुद्धभूषणनं पॉवर सप्लाय उघडून पाहिला. आतले दोन कपॅसिटर फुगून वर आले होते. गरम झाले की वीज तुटायची आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. इतका जुना पॉवर सप्लाय मिळणं अवघड होतं, पण त्यानं ओळखीच्या भंगारवाल्याकडे शोधून एक चांगला काढला आणि दुसऱ्या दिवशी बसवून दिला. मग मुद्दाम तासभर थांबला. सर टाइप करत होते. रिकाम्या जागा झाल्या, जोड्या लावा झालं, कारणं द्या झालं. कॉम्प्युटर हूं की चूं करत नव्हता.

"बघा काकू," तो खुशीत म्हणाला.

कुसुमताई दारातून पडद्याकडे बघत होत्या. "म्हणजे आता अजिबात बंद पडणार नाही?"

"नाही. माझी गॅरंटी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

ही माणसं कशालाच चांगलं म्हणायची नाहीत, असं मनाशी म्हणत बुद्धभूषण जिना उतरला. तरी दिवसभर तो खूश होता. आपल्या हातून जुनं काहीतरी वाचलं, याचं त्याला बरं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कुसुमताई स्वतःच दुकानात आल्या. हातात मंडईतून आणलेली भाजीची पिशवी होती. चढ चढून आल्यासारखा त्यांना दम लागला होता. बुद्धभूषणनं पुढे होऊन खुर्ची दिली.

"काय झालं काकू? पुन्हा बंद पडला?"

"नाही हो. उत्तम चाललाय. पेपर रोज पूर्ण होतो."

"मग?"

ताईंनी पिशवी मांडीवर घेतली. "तुम्ही तो जुना भाग काढलात ना, तो टाकून दिलात का?"

"नाही, इथंच पडलाय. का?"

"तो परत बसवून द्या."

बुद्धभूषणला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काकू, तो बसवला तर कॉम्प्युटर पुन्हा बंद पडत राहील. सर वैतागतील. तुम्हाला पुन्हा सारखं धावावं लागेल."

"मला चालेल."

"आमोदसाहेब काय म्हणतील मला?"

"त्याचं मी बघते. तो घरी नसतो दिवसभर, त्याला नाही कळायचं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तुम्ही तो नवीन भाग बसवून गेल्यापासून यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर हे उठून उभे राहिले आणि मला विचारलं, 'आपण कोणाकडे आलात?'"